यंत्र कंपनीचे, रुग्ण सरकारचा

सरकारी रुग्णालयाच्या आवारात उभे असलेले, सरकारी पैशावर चालणारे सीटी स्कॅन यंत्र त्याच रुग्णालयातील डॉक्टरांच्या लेखी सूचनेवरूनही रात्री सुरू होत नाही, ही गोष्ट वाराणसीतील एका अपघातानंतर प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबाला कळली आणि ती आजही पचनी पडलेली नाही. खासगी स्पर्धेने आणि कंत्राटी सेवांनी सार्वजनिक आरोग्यव्यवस्था सुधारते की बिघडते, या वादात आकडेवारीबरोबर अशा रात्रींचाही हिशेब धरला पाहिजे.

ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास बांधलेला शिंदे घाट मणिकर्णिकेला लागूनच आहे आणि पूर ओसरल्यावर त्याच्या पायऱ्यांवर गाळाचा निसरडा थर उरतो. ब्रह्मा घाटाजवळच्या जुन्या मराठी वस्तीत राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या लेखिकेच्या आत्या संकठा देवीच्या दर्शनानंतर या घाटावर दिवा सोडायला उतरल्या असता पाय घसरून पडल्या आणि त्यांचे डोके पायरीच्या कडेवर आपटले. तिथवर कोणतेही वाहन येत नाही. नावाड्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीबोळांतून चौकातल्या हमरस्त्यापर्यंत उचलून नेले. मणिकर्णिकेकडे येणाऱ्या तिरडीसाठी त्या गल्लीतली माणसे न सांगता भिंतीला चिकटून उभी राहतात, जखमीला मात्र वाट मागावी लागते.

रस्त्यावर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येऊन थांबलेली होती. उत्तर प्रदेशात २०१२ पासून चालणारी ही सेवा रुग्णाला मोफत असते, तिचा खर्च सरकार करते आणि ती चालवण्याचे काम कंत्राटाने खासगी संस्थेकडे दिलेले असते. गाडीतील परिचारकाने जखम नीट बांधली आणि आत्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात हे विचारून कागदावर नोंदवून घेतले. एवढी तत्परता पाहिल्यावर कंत्राटी सेवा सरसकट वाईट असते, असे निदान या कुटुंबाला तरी म्हणता येणार नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनीही वेळ दवडला नाही. अशी गोळी घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागून उलट्या सुरू झाल्या, तर कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळत असल्याची शक्यता असते, आणि ते सीटी स्कॅनशिवाय, म्हणजे क्ष-किरणांनी मेंदूच्या थरांची चित्रे घेतल्याशिवाय, खात्रीने कळत नाही. हे यंत्र सार्वजनिक-खासगी भागीदारीतले होते: जागा आणि रुग्ण सरकारचे, यंत्र आणि कर्मचारी कंपनीचे, आणि प्रत्येक तपासणीमागे ठरलेली रक्कम सरकारने कंपनीला द्यायची. ती रक्कम मिळण्यासाठी तपासणीच्या अर्जावर रुग्णालयाच्या कार्यालयाचा शिक्का लागतो, शिक्का कार्यालयाच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली असलेला लिपिक संध्याकाळीच घरी गेला होता. डॉक्टरांनी केसपेपरवर लाल शाईने तातडीची सूचना लिहून सही केली. तंत्रज्ञाने ती वाचली आणि कागद खिडकीतून परत सरकवला. त्याचे म्हणणे एका वाक्याचे होते : "बिना मोहर का फॉर्म पास नहीं होता, पैसा हमारी तनख़्वाह से कटेगा." डॉक्टर त्याला हुकूम देऊ शकत नव्हते, कारण तो त्यांच्या हाताखालचा नव्हता, कंपनीच्या पर्यवेक्षकाने फोनवर रुग्णालयाकडून लिहून आणायला सांगितले, आणि रुग्णालयाने जे लिहून द्यायचे, ते तर खिडकीपाशी पडलेलेच होते. फाटकासमोरच्या खासगी केंद्रात पैसे भरून तपासणी करण्याची तयारी दाखवली, तर त्यांचा तंत्रज्ञ सकाळीच येणार असल्याचे कळले. स्ट्रेचरवरच्या आत्या तोवर आपल्या मुलालाही ओळखेनाशा झाल्या होत्या.

पहाटेच्या सुमारास त्याच तंत्रज्ञाने कुणी न सांगता यंत्र सुरू केले आणि शिक्क्याविनाच तपासणी केली. रक्तस्राव दिसला, काशी हिंदू विद्यापीठाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये शस्त्रक्रिया झाली, आत्या वाचल्या. डाव्या हाताची पकड मात्र गेली. गेलेल्या वेळाचा त्यात किती वाटा होता, हे कोणत्याही डॉक्टरला मोजून सांगता येत नाही. त्या तंत्रज्ञाविषयीचा राग पुढे ओसरला, कारण त्याचा पगार उपकंत्राटदाराकडून होतो आणि तोही महिनोन्महिने रखडतो, हे समजले. तरी समोर बेशुद्ध होत चाललेली बाई असताना पगाराचा विचार आधी यावा, हे मान्य करणेही जड जाते.

खासगी स्पर्धा आणि कंत्राटी सेवांच्या परिणामांचा बराच अभ्यास इंग्लंडमध्ये झाला आहे आणि त्याचे निष्कर्ष एका बाजूचे नाहीत. तेथे १९९०च्या दशकात रुग्णालयांना दरावर स्पर्धा करायला लावले, तेव्हा स्पर्धा जास्त असलेल्या भागांत हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे मृत्यू वाढल्याचे कॅरल प्रॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. २००६ नंतर दर सरकारने बांधून देऊन रुग्णाला रुग्णालय निवडू दिले, तेव्हा तशाच भागांत हे मृत्यू अधिक वेगाने घटल्याचे २०११च्या एका अभ्यासात आढळले. मात्र निवडीसाठी रुग्णाच्या हाती वेळ असावा लागतो, आणि डोक्यात रक्त साकळत असलेल्या माणसापाशी तो नसतो. सेवा बाहेर देण्याविषयीचे पुरावे अधिक चिंताजनक आहेत. स्वच्छतेचे काम कंत्राटाने दिलेल्या रुग्णालयांत एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूचा संसर्ग जास्त असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये असे मांडले की, एकूण खर्चात नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांकडे जाणारा वाटा एका टक्केबिंदूने वाढला, की वेळेवर उपचारांनी टळू शकणारे मृत्यू पुढील वर्षी ०.३८ टक्क्यांनी वाढलेले दिसतात.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. तिथेही २०१४ पासून १०८ची सेवा कंत्राटानेच चालते. रुग्णवाहिकेचे काम वेळेत मोजता येते, म्हणून त्याचा करार लिहिणे त्यातल्या त्यात सोपे असते. मध्यरात्रीच्या तपासणीत मात्र तीन संस्थांचे कर्मचारी गुंतलेले असतात, आणि त्यांच्यात शेवटचा शब्द कुणाचा, हे करारात लिहिलेले नसेल तर प्रत्येक जण आपापला नियम पाळतो आणि रुग्ण स्ट्रेचरवर पडून राहतो. तातडीच्या रुग्णाची तपासणी आधी आणि शिक्का नंतर, हे कलम अशा प्रत्येक करारात असावे, आणि यंत्राच्या वेळा व जबाबदार अधिकाऱ्याचा क्रमांक खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावावा. या दोन्ही गोष्टींना पैसा लागत नाही.

आत्यांच्या मुलाने माहितीच्या अधिकाराखाली या कराराची प्रत मागितली, तेव्हा २००५च्या कायद्यातील कलम ८(१)(घ) दाखवून, म्हणजे व्यापारी गोपनीयतेच्या कारणावरून, ती नाकारण्यात आली. व्यापक जनहित असेल तर अशी माहिती द्यावी, असे त्याच कलमात पुढे म्हटले आहे, आणि त्याच वाक्याच्या आधारे पहिले अपील दाखल केलेले आहे.