मुद्दलातच खोट

बँकेच्या तक्रार-पुस्तकात माझ्याविरुद्ध आजवर दोनच तक्रारी आल्या. पहिली, काउंटरवरच्या पेनाची दोरी आखूड असल्याबद्दल. आणि ती दोरी मी बांधलेली नव्हती. दुसरी गेल्या नोव्हेंबरातली. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. आपण अजून हयात आहोत हे सिद्ध करायला मंडळी दहाच्या आधीपासून शटरपाशी उभी असतात. हल्ली मोबाइलपुढे चेहरा धरूनही हा दाखला देता येतो, पण मोबाइलशी भांडता येत नाही, म्हणून बरेच जण बँकेतच येतात. त्यातल्या एका गृहस्थांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'मी हयातीचा दाखला दिला असता, मी जिवंत असल्याचे काउंटर क्र. ४ वरील कर्मचाऱ्यास दुःख झाल्याचे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.'

काउंटर क्रमांक ४ म्हणजे मी.

साहेब म्हणाले, "सात दिवसांत लेखी खुलासा द्या."

"कशाचा?"

"चेहऱ्याचा."

रक्कम चुकली तर खुलासा देता येतो, सही जुळली नाही तर देता येतो. पण बी.कॉम.ला आम्हांला चेहरा हा विषय नव्हता. घरी येऊन सौभाग्यवतींना विचारलं, "माझा चेहरा कसा आहे गं?" कढईवरून नजर न काढता ती म्हणाली, "अहो, आता कशावरून चिडलात?"

मी चिडलो नव्हतो. खरंच नव्हतो.

अशा वेळी भाचा आठवला. हा पुण्यात सिनेमांसाठी संगणकावर माणसं तयार करतो. नक्की काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. स्थळं आली की ती 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते. रविवारी तो घरी आला, मला खिडकीपाशी बसवून चारी बाजूंनी फोटो काढले, आणि पुढच्या रविवारी माझं मुंडकं घेऊन हजर झाला. लॅपटॉपमधलं. ते इतकं हुबेहूब होतं की मी नकळत डोक्यावरून हात फिरवून उरलेले केस मोजले.

पडद्याच्या उजव्या बाजूला पट्ट्यांची लांबलचक यादी होती. डावी भुवई वर, उजवी भुवई वर, गाल वर, ओठांचे कोपरे वर. प्रत्येक पट्टी ०पासून १पर्यंत सरकते. ०वर भाव नाही, १वर भाव पुरेपूर. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण असावं तसं. भाच्यानं त्यामागचं गणित सांगितलं : एक कोरा चेहरा करायचा, एक पूर्ण हसलेला. दोघांमधला जागोजागचा फरक काढायचा, त्याला पट्टीवरच्या आकड्यानं गुणायचं आणि कोऱ्या चेहऱ्यात मिळवायचं.

मी खुर्चीतून उठलोच. "अरे, हे तर सरळव्याज!"

कोरा चेहरा हे मुद्दल, पट्टीवरचा आकडा हा दर, आणि हसू हे व्याज. वीस वर्षं मी जे करतो आहे तेच हा पोरगा एसीत बसून करतो, आणि माझ्याहून जास्त पगार घेतो.

त्यानं ओठांची पट्टी १वर नेली. त्या हसण्यानं मी काउंटरवर बसलो असतो तर दुपारपर्यंत लोकांनी ठेवी काढून नेल्या असत्या. मग ०.४. आता मी ऑडिटरला चहा विचारणाऱ्या आमच्या साहेबांसारखा दिसू लागलो. भाचा म्हणाला, "मामा, नुसते ओठ हसले की असं होतं. डोळे हसले पाहिजेत." हा शोध फार जुना आहे म्हणे. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं माणसांच्या चेहऱ्याला विजेचे झटके देऊन १८६२ साली पुस्तकच लिहिलं, की खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा स्नायू हलतो आणि तो हुकमानं हलत नाही. पुढे १९७८ साली एकमन आणि फ्रीझन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला नंबर दिला. ओठांचे कोपरे ओढणं १२, गाल उचलणं ६. शिवाय प्रत्येकाच्या तीव्रतेचे 'ए'पासून 'ई'पर्यंत पाच दर्जे. थोडक्यात, हसण्याचीही लेजर उघडली. (आपल्या भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नजरेचे ३६ आणि भुवयांचे ७ प्रकार केव्हाच सांगून ठेवले आहेत, पण त्यांना काउंटरवर बसायचं नव्हतं.)

मग भाच्यानं ओठ ०.३वर ठेवले, गाल ०.२वर. डावीकडचं हसू उजवीपेक्षा किंचित कमी केलं, कारण दोन्ही बाजू सारख्या केल्या की माणसाचा बाहुला होतो. मी हौसेनं 'तोंड उघड' आणि 'हसू' या दोन्ही पट्ट्या एकदम १वर नेल्या, तर ओठाचा कोपरा सरळ गालात घुसला. एकाच जागी दोनदा व्याज लागलं होतं! अशा वेळी वेगळा दुरुस्तीचा आकार करून जोडावा लागतो म्हणे. आमच्याकडे त्याला दुरुस्तीची नोंद म्हणतात. शेवटी त्यानं हसू शून्याच्याही खाली नेलं. ऋण हसू, म्हणजे ओव्हरड्राफ्टच. सौभाग्यवती पोहे घेऊन आली होती, ती म्हणाली, "हे बाकी हुबेहूब हां. आपण माझ्या माहेरी जातो तेव्हाचं."

"थांब मामा, सगळं शून्यावर आणतो," म्हणून त्यानं एकेक पट्टी शून्यावर आणली. आणि पडद्यावर तोच चेहरा उमटला, कर्ज नामंजूर झाल्याचं सांगणारा.

"भुवईची राहिली असेल बघ."

त्यानं यादी वरपासून खालपर्यंत दाखवली. सगळीकडे शून्य. "मामा, हा तुझा कोरा चेहरा. ओठांचे कोपरे मुळातच खाली आहेत, भुवया डोळ्यांवर टेकल्यात. तू काहीच करत नसतोस आणि बघणाऱ्याला वाटतं, तू चिडलायस. म्हणून भाव मोजायच्या आधी माणसाचा कोरा चेहरा बघून ठेवायचा असतो."

म्हणजे व्याजाचा प्रश्नच नव्हता. मुद्दलातच खोट होती.

भाच्याची नजर तेवढ्यात भिंतीकडे गेली. "हा चेहरा आजोबांचाच आहे रे."

भिंतीवर दादांचा फोटो आहे. मला बँकेचं पत्र आलं तेव्हा ते मी त्यांच्या हातात दिलं होतं. त्यांनी चश्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं, घडी घातली, 'बरं झालं' म्हणाले आणि परत दिलं. चेहरा असाच. मी सी.ए. झालो नाही याची ती नाराजी, असं मी त्या दिवशी धरून चाललो आणि मनातल्या खात्यावर ती रक्कम दर साल व्याजासकट पुढे ओढत आलो. दादांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. ते शून्यावर होते की नव्हते, हे विचारायचं तरी कुणाला?

"आजोबांचं पण करू का डोकं?" भाचा म्हणाला. "थोडं हसवतो. ०.१."

"नको," मी म्हटलं. "त्यांना राहू दे शून्यावर."

पोहे गार झाले होते. खाल्ले.

खुलासा मी एका ओळीत दिला : 'सदर बाब हा भाव नसून चेहऱ्याची आरंभीची शिल्लक आहे.' साहेबांनी तो दोनदा वाचला आणि फायलीला लावला.

डिसेंबरात ते गृहस्थ पासबुक भरून घ्यायला आले. ओठांचे कोपरे खाली, भुवया टेकलेल्या. मला वाटलं, अजून रागावलेत. मग म्हटलं, कोण जाणे. आणि आरशापुढे आठवडाभर घोटलेलं हसू बाहेर काढलं. ओठ ०.३, गाल ०.२, डावीकडे किंचित कमी.

त्यांनी पासबुक चटकन मागे ओढलं.

"का हो, हसताय का?" ते घाबरून म्हणाले. "खात्यात काही घोळ झालाय का?"