खिशातलं पातं

फ्रान्समध्ये कुणी चाकू भेट दिला, की घेणारा आधी आपले खिसे चाचपतो. एखादं सुटं नाणं शोधून देणाऱ्याच्या हातावर ठेवतो आणि मगच चाकू उचलतो. फुकट घेतलेला चाकू मैत्री कापतो, हा तिथला जुना समज. एका सेंटात का होईना, तो विकत घेतला की मैत्रीला धोका नाही. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात, असं ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यातली धास्ती समजावून सांगावी लागत नाही. धास्ती असूनही चाकू देणं मात्र त्या लोकांनी सोडलं नाही. नाण्याची पळवाट काढली आणि देत राहिले.

इतकं काय आहे त्या घडीच्या चाकूत? सावोआच्या डोंगरात गेलं की ते कळतं. फ्रान्सच्या आल्प्समधला हा प्रांत. तिथल्या सँ-जाँ-द-मोरिएन या गावाजवळच्या एका वस्तीत ओपिनेल नावाचं लोहाराचं घर होतं. कुऱ्हाडी, कोयते, छाटणीची हत्यारं अशी शेतकऱ्याला लागणारी धारेची अवजारं तिथे घडत. त्या घरातल्या जोसेफने 1890 मध्ये, वयाच्या 18 व्या वर्षी, लाकडी मुठीत मिटणारा एक साधा चाकू केला. 1897 मध्ये त्याने त्याची मापं ठरवली, 1 ते 12. पुढे 1 आणि 11 हे आकडे बंद झाले, बाकीचे आजही बनतात. 1909 पासून पात्यावर मुकुटाखाली आशीर्वादाची तीन बोटं उंचावलेला हात आहे. ती बोटं गावाच्या मानचिन्हातल्या संत जॉनची, आणि मुकुट सावोआच्या जुन्या सरदार घराण्याचा.

चाकूत फार काही नाही, आणि हेच त्याचं मोठेपण. पातं, मूठ, एक खिळा, एक पक्कं कडं. 1955 मध्ये जोसेफचा मुलगा मार्सेल याने त्यात फिरणाऱ्या कड्याची भर घातली. पातं उघडून कडं फिरवलं की ते बोटांवर मिटत नाही. सन 2000 पासून मिटलेलं पातंही त्याच कड्याने अडकवता येतं. मूठ बहुधा बीचच्या लाकडाची. पावसात, दमट हवेत ती फुगते आणि पातं आत घट्ट बसतं. नखाने ओढत बसायचं नाही. मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकायचं, पातं आपोआप वर येतं. सावोआतला हा ठोका ज्याला जमला, त्याचा तो चाकू झाला.

भेट देणाऱ्याची खरी परीक्षा पोलाद निवडताना होते. एक पातं न गंजणारं, म्हणजे स्टेनलेस. दुसरं कार्बन पोलादाचं, आपल्या घरातल्या लोखंडी विळीच्या स्वभावाचं. कैरी किंवा लिंबू कापून तसंच ठेवलं तर काळं पडणार, ओलं राहिलं तर गंजणार. पण साध्या सहाणेवर दोन हात फिरवले की पुन्हा तीक्ष्ण धार. वापरता वापरता त्यावर करडी-निळसर झाक चढते, आणि ती प्रत्येकाच्या पात्यावर निराळी असते. घेणारा वस्तू पुसून ठेवणाऱ्यांतला असेल तर कार्बनच द्यावं. समुद्राकाठी राहणाऱ्याला, कोकणात किंवा गोव्यात, स्टेनलेस बरं. तिथल्या खाऱ्या हवेशी रोज भांडायला लावणं ही भेट नव्हे.

फ्रान्समधलाच दुसरा नामांकित चाकू लायोल. ओब्राकच्या पठारावरच्या गुराख्यांच्या, याच नावाच्या गावात 1829 मध्ये काल्मेल्स घराण्यातल्या कारागिराने त्याला आकार दिला, असं मानतात. पुढे त्यात टोचा आला, गुराख्यांच्या कामाचा. मग कॉर्कस्क्रू आला, कारण इथली माणसं पॅरिसला जाऊन खानावळी आणि कॅफे चालवू लागली होती. एका चाकूच्या अंगावर एका मुलखाचं स्थलांतर असं लिहिलेलं सापडतं. बारीक कमरेची मूठ, पाठीच्या स्प्रिंगवर कोरलेली माशी. हातात घेतला की सोडवत नाही. पण इथे सावध राहायला हवं. ‘लायोल’ हे नाव आणि ती माशी पाहून चाकू त्याच गावचा असेल असं समजू नये. शतकभर बहुतेक काम तिएर या दुसऱ्या गावी चाले, आणि त्याच नावाचा स्वस्त माल दूरदेशांतूनही येतो. 1987 मध्ये गावात पुन्हा कारखाना उभा राहिला. तेव्हा माशीपेक्षा पात्यावरचं कारागिराचं किंवा कारखान्याचं नाव वाचावं.

चित्र काढणाऱ्या, लाकूड कोरणाऱ्या माणसासाठी जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी आहे. पत्रा दुमडून केलेली मूठ, पात्याला मागे छोटी दांडी, अडकवायला कडं नाही. दांडीवर अंगठा दाबूनच धरायचा. एके काळी जपानी शाळकरी मुलं याने पेन्सिली तासत.

मग निवडायचा कोणता? महागाकडे मन ओढतं. शिंगाची मूठ, लाकडी पेटी, नाव कोरलेलं पातं. अशा चाकूचा धाक वाटतो. तो कपाटात जातो आणि तिथेच राहतो. ज्याला द्यायचा तो दिवसभर काय कापतो, ते आधी बघावं. पेरू आणि पाव कापणाऱ्याला, सुतळी तोडणाऱ्याला, बागेत कलमं करणाऱ्याला 8 नंबरचा बीचच्या मुठीचा ओपिनेल पुरतो. त्याचं पातं 8.5 सेंटिमीटरचं, मिटल्यावर ते खिशात सहज मावतं. सोबत एक छोटी सहाण द्यावी आणि कडं कसं फिरवायचं ते समोर बसून दाखवावं.

ब्रिटनमधल्या भाच्याला पाठवत असाल तर मात्र नंबर बदला. तिथे सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगायचा चाकू मिटणारा, न अडकणारा आणि 3 इंचांपेक्षा, म्हणजे 7.62 सेंटिमीटरपेक्षा, कमी धारेचा लागतो. अडकणारं कडं 6 नंबरपासून पुढे असतं, म्हणून त्याच्यासाठी 5 नंबर घ्यावा. आणि परदेशातून स्वतः आणत असाल तर चाकू हातातल्या पिशवीत ठेवू नका. विमानतळावर तो काढून घेतील; चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत नीट गुंडाळून ठेवा.