स्वस्त बाटली

स्वस्त हा शब्द मोठा फसवा आहे. इटलीतल्या एखाद्या गावी चार-पाच युरोंना मिळणारी तांबडी वाइन तिथल्या गवंड्याच्या रोजच्या जेवणात असते. तिच्यात मिरवण्यासारखे काही आहे असे त्याला स्वप्नातही वाटत नसेल. तीच बाटली समुद्र ओलांडून मुंबईला आली की तिचा नूर पालटतो. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे १५० टक्के आयातकर होता. त्यावर वाहतूक, राज्याचे कर आणि दुकानदाराचा नफा. दिव्याला पोचेपर्यंत तिची किंमत हजाराच्या पुढे जायची आणि गवंड्याची सोबतीण साहेबाच्या दिवाणखान्यात जाऊन बसायची.

तेव्हा इटलीची स्वस्त वाइन स्वस्त म्हणूनच चाखायची, तर ती तिथल्या भावानेच घरी आली पाहिजे. माझ्या एका मित्राच्या पुतण्यामुळे हा योग आला. विमानाने येणाऱ्याला दोन लिटरची सवलत असते. म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या. त्याने एक किआन्ती आणली आणि दुसरी मोन्तेपुल्चानो द'अब्रुत्सो. या दुसरीचे नाव मोठे घोटाळ्याचे. मोन्तेपुल्चानो हे एका द्राक्षाचे नाव आणि तोस्कानातल्या एका गावाचेही. पण त्या गावची वाइन होते ती भलत्याच द्राक्षाची. मला याचे नवल वाटले नाही. दिवा म्हटले की परगावच्या माणसाला पणती आठवते आणि आम्हांला लोकलची गर्दी!

तिसरी बाटली आम्ही इथलीच घेतली, अकलूजची. अकलूज म्हणजे ऊस आणि लावणी, एवढेच मला ठाऊक होते. पण २००७च्या सुमारास इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू असे तिन्ही घरचे भाऊ एकत्र आले आणि त्यांनी सोलापूर जिल्ह्यात द्राक्षमळे लावले. कंपनीचे नावही त्यांनी 'फ्रातेल्ली' असे ठेवले. इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'भाऊ'. तिथे संजोवेसे नावाचे द्राक्ष पिकते. किआन्तीत निदान ७० टक्के हेच द्राक्ष असावे लागते. म्हणजे आमच्या तीन पेल्यांतले दोन पेले एकाच कुळीचे होते. माती तेवढी निराळी.

परीक्षेची रीत मात्र मी मास्तरकीतून उचलली. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, नुसता क्रमांक असतो. तसेच आम्ही केले. पुतण्याने तिन्ही बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून क्रमांक घातले. त्याआधी त्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या. तांबडी वाइन खोलीतल्या उष्णतेवर प्यावी असे पुस्तके सांगतात खरे. पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आश्विनातल्या आमच्या खोलीत वाइनची चव राहत नाही, नुसता दारूचा भपकारा उरतो.

पहिली वाइन आंबट आणि तुरट. पुस्तके अशा चवीला आंबट चेरी म्हणतात. चेरी मी केकवरच पाहिली आहे, आणि आपल्याकडे तीही बहुधा पाकवलेले करवंदच असते! मग सरळ करवंद का म्हणू नये? दुसरी काळसर, भरदार आणि मऊ. माझी पत्नी चाखायला तयार नव्हती, पण पेला हुंगून ती म्हणाली, "अहो, याला तर जांभळाचा वास येतो." तिच्याहून नेमके वर्णन मला सुचले नाही. तिसरी पहिलीसारखीच तुरट, पण आंबटपणा कमी. फळ उन्हात अंमळ अधिक पिकल्यासारखे. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. लाळेतल्या प्रथिनांना तो धरून ठेवतो, म्हणून जीभ कोरडी पडते. जांभळे खाऊन जीभ ताठरलेल्या मराठी पोराला हे शिकवावे लागत नाही. पुढे सुके मटण आले आणि पहिलीचा सगळा हट्टीपणा उतरला. एकटी असताना जी खाष्ट वाटली, तीच जेवणाबरोबर सर्वांत गोड निघाली.

माझ्या मित्राने सर्वांत जास्त गुण तिसरीला दिले होते. कागद सोडले आणि अकलूजचे नाव दिसताच त्याचा चेहरा उतरला.

"मास्तर, मार्क बदलता येतील का?"

"फेरतपासणीची फी भरावी लागेल," मी म्हणालो.

जिभेने दिलेला निकाल डोळ्यांना पटत नव्हता, इतकेच.

पण जिभेचे एवढे कौतुक केल्यावर तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९८६ साली इटलीतच काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाइनची तीव्रता वाढवण्यासाठी तीत मिथेनॉल मिसळले. वीसहून अधिक माणसे मेली. काहींची दृष्टी गेली. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत त्याच मिथेनॉलने शंभरावर बळी घेतले. हे विष शरीरात शिरले की त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते. चवीवरून मात्र ते ओळखू येत नाही. करवंद आणि जांभूळ निवडणारी जीभ इथे आंधळी असते.

त्या प्रकरणानंतर, त्याच वर्षी, इटलीने खाद्यपेयांतली भेसळ हुडकणारे स्वतंत्र निरीक्षण खाते उभारले. म्हणून आज तिथला गवंडी चार-पाच युरोंची बाटली निर्धास्त उघडतो. ती चांगली की वाईट एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. आपल्याकडे ज्याला सर्वांत स्वस्त पेलाच परवडतो, त्याच्यापुढचा प्रश्न चवीचा नसतो, सकाळी डोळे उघडतील की नाही याचा असतो. उंची बाटलीची राखण तिची किंमतच करते. स्वस्त बाटलीला पहारेकरी लागतो, आणि तो नेमणे पिणाऱ्याच्या हातात नसते.