लांब पल्ल्याचे घराणे

पाऊस उघडला आणि कपाशीची बोंडे फुटू लागली की जालना जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीवरचे आभाळ उंच होत जाते. वेचणीत वाकून वाकून कंबर धरते. सरळ होताना मान आपोआप वर जाते आणि निळ्या आभाळात ओढलेली पांढरी रेघ दिसते. इंजिनातून निघालेली वाफ त्या उंचीवरच्या उणे चाळीस अंशांखालच्या थंडीत गोठते, तिची ही रेघ. आष्टीला विमान उतरत नाही. विमानात बसायचे तर संभाजीनगरचे चिकलठाणा नाहीतर नांदेड गाठावे लागते, आणि त्याआधी परतूरचे रेल्वे स्टेशन. पण मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या आणि तिकडून परतणाऱ्या विमानांची वाट आमच्या शिवारावरून जाते. लहानपणी आखाड्यावर बाजेवर पडून मी ते लुकलुकणारे दिवे तासन्‌तास पाहिले आहेत. आत कोण बसले असेल यापेक्षा, हे एवढे लांब कसे जात असेल, हाच प्रश्न मला तेव्हापासून लागून राहिला.

आता विमाने दाखवणारे ॲप मोबाईलवर आहे. प्रत्येक ठिपक्याची उंची त्यात कळते. प्रवाशांनी भरलेली मोठी विमाने बहुतेक ३३ ते ४१ हजार फुटांच्या दरम्यान असतात. कधीतरी एखादा ठिपका त्यांच्याही डोक्यावरून, ४३ किंवा ४५ हजार फुटांवरून जातो. खाली वर्दळ, वर मोकळी वाट. ते बिझनेस जेट असते. आठ-दहा माणसांचे, दोन किंवा तीन इंजिनांचे, आणि पल्ल्याच्या बाबतीत मोठ्या विमानांच्या बरोबरीला उतरू पाहणारे. माझा जीव या वरच्या ठिपक्यात गुंतला. त्यातही फाल्कन नावाच्या फ्रेंच घराण्यात जास्त, कारण त्या घराण्याची एक वाट आता नागपुरातून जाते.

या घराण्याचा मूळ पुरुष ४ मे १९६३ रोजी फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या मेरिन्याकच्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उडाला. मार्सेल दसॉ यांच्या कंपनीचे ते ‘मिस्टेअर २०’. अमेरिकेची पॅन ॲम कंपनी तेव्हा छोट्या जेटच्या शोधात होती आणि तिच्या वतीने पारख करायला गेलेल्यांत चार्ल्स लिंडबर्ग होते. १९२७ साली एकट्याने, एका इंजिनावर, न थांबता अटलांटिक ओलांडणारे तेच लिंडबर्ग. त्यांनी कौल दिला आणि पॅन ॲमने ४० विमानांची मागणी नोंदवली. नाव बदलून फाल्कन झाले. पहिला बदलही लगेच झाला. मूळ इंजिने काढून जनरल इलेक्ट्रिकची सीएफ ७०० ही अधिक ताकदीची इंजिने बसवली आणि १९६४ च्या जुलैत विमान पुन्हा आकाशात गेले. बांधा तोच ठेवून उणीव भरून काढायची, ही या घराण्याची रीत अशी सुरुवातीलाच ठरली.

पण फाल्कन २० ला अटलांटिक एका दमात ओलांडता येत नव्हता. पल्ला वाढवायचा म्हणजे मोठी टाकी बसवायची, इतके ते सरळ नाही. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, आणि ते वजन उचलायला आणखी इंधन. टाकी वाढवत नेली तर एका टप्प्यानंतर विमान मुख्यतः स्वतःचे इंधनच वाहून नेत राहते. म्हणून पल्ल्याचे खरे काम इतरत्र करावे लागते: इंजिनाची भूक कमी करायची, पंखाला हवेचा अडसर कमी व्हावा असा आकार द्यायचा, जागोजागी वजन वाचवायचे आणि विरळ हवेत, जितके उंच जाता येईल तितके जायचे. ७ नोव्हेंबर १९७६ रोजी उडालेल्या फाल्कन ५० मध्ये हे सगळे एकत्र आले. ध्वनीच्या वेगाजवळ जाताना पंखावर उठणारा अडसर लांबवणारा सुपरक्रिटिकल पंख बिझनेस जेटमध्ये प्रथम आला तो त्यात. इंजिने तीन होती. समुद्राच्या मधोमध एक बंद पडले तरी दोन उरावीत, हा त्यामागचा हिशेब. १९८४ साली त्याच वाटेने, पण रुंद केबिन घेऊन फाल्कन ९०० आले.

आमचा जालना जिल्हा बियाण्यांचा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. चांगले वाण एका रात्रीत तयार होत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जुन्या वाणाचा सिद्ध झालेला गुण हातचा जाऊ द्यायचा नाही, एक उणीव हेरायची, तिच्यावर हंगामामागून हंगाम काम करायचे. मग एक वाण कोरडवाहूसाठी निघते, एक बागायतीसाठी, एक लवकर येणारे. फाल्कन २००० ची वंशावळ मी वाचली तेव्हा मला हेच दिसले, आणि परकी वाटणारी ती गोष्ट एकदम ओळखीची झाली.

फाल्कन २००० चे पहिले उड्डाण ४ मार्च १९९३ चे. केबिनची रुंदी आणि उंची फाल्कन ९०० चीच, लांबी सुमारे दोन मीटरने कमी, आणि इंजिने तीनऐवजी दोन. इंजिने आता इतकी भरवशाची झाली होती की तिसऱ्याचे वजन आणि खर्च टाळता येत होता. या पहिल्या विमानाचा पल्ला साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. २००१ साली ‘ईएक्स’ उडाले, प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू ३०८सी इंजिनांवर. पल्ला सात हजारांपर्यंत गेला. मग ‘डीएक्स’ आले, ज्यांना इतके लांब जायचे नाही त्यांच्यासाठी. त्यानंतर ‘एलएक्स’. त्याच्या पंखांची टोके वर वळवलेली. पंखाच्या टोकाशी खालची दाबाची हवा वरच्या बाजूला निसटते आणि भोवरा तयार होतो. तो भोवरा विमानाला मागे ओढतो. वर वळलेल्या टोकामुळे ही ओढ कमी होते. इंधन तेवढेच, पण पल्ला ७,४०० किलोमीटर.

पुढचे ‘एस’ मला सर्वांत शहाणे वाटते. त्याचा पल्ला सुमारे ६,२०० किलोमीटर, म्हणजे ‘एलएक्स’हून कमीच. पण पंखाच्या पुढच्या काठावर, आतल्या भागातही, उघडणाऱ्या पट्ट्या बसवल्या. त्यांना स्लॅट म्हणतात. त्या उघडल्या की विमान कमी वेगातही हवेत तरते, म्हणून आखूड धावपट्टीवर उतरू शकते. लांब जाणे हा एक गुण, लहान जागी उतरणे हा दुसरा. २०१४ साली आलेल्या ‘एलएक्सएस’मध्ये दोन्ही गुण एकत्र केले. पहिल्या उड्डाणापासून इथवर यायला एकवीस वर्षे लागली.

मुंबई ते पॅरिस हे अंतर सात हजार किलोमीटरच्या आसपास आहे. ‘एलएक्सएस’चा ७,४०० चा आकडा कागदावर त्याला पुरतो. पण हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारा वाहतो. पॅरिसहून येताना तो पाठीशी असतो, जाताना समोरून येतो. शिवाय दुसऱ्या विमानतळाकडे वळावे लागले तर पुरेल एवढे इंधन राखून ठेवावेच लागते. म्हणून कंपनीने छापलेला पल्ला म्हणजे शांत हवेतला, मोजक्या माणसांचा पल्ला. या क्षेत्रातली जाणती माणसे आकडा वाचतात, पण बेत वाऱ्याचा अंदाज पाहून करतात.

प्रत्येक प्रयत्न फळला असेही नाही. २०१३ साली फाल्कन ५एक्स जाहीर झाले. केबिन प्रशस्त, आराखडा उत्तम, पण ज्या सिल्व्हरक्रेस्ट इंजिनावर सगळे अवलंबून होते ते वेळेत तयार झाले नाही. २०१७ च्या डिसेंबरात प्रकल्प बंद केला. काही महिन्यांतच तीच रुंद केबिन थोडी लांब करून, दुसरे इंजिन घेऊन फाल्कन ६एक्स जाहीर झाले. १० मार्च २०२१ रोजी ते उडाले आणि २०२३ च्या अखेरीस सेवेत आले. अपयश मान्य करण्यात वेळ दवडला नाही आणि त्यातले चांगले फेकूनही दिले नाही, याबद्दल मला त्या अभियंत्यांविषयी फार आदर वाटतो.

या घराण्याचे एक अपत्य तर महाराष्ट्रातल्या हजारो मुलांच्या रोजच्या ओळखीचे आहे. विमानांचे वक्र पृष्ठभाग संगणकावर रेखाटता यावेत म्हणून दसॉच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात एक प्रणाली लिहायला घेतली. तिच्यातून कॅटिया निघाले आणि १९८१ साली दसॉ सिस्टिम्स ही वेगळी कंपनी उभी राहिली. २००५ साली उडालेले फाल्कन ७एक्स पूर्णपणे संगणकावर घडवले गेले होते. वैमानिकाचा हात आणि पंख यांच्यामध्ये तारांतून जाणारे विजेचे संदेश, म्हणजे फ्लाय-बाय-वायर, बिझनेस जेटमध्ये आणणारेही तेच पहिले. आज पुण्यात दसॉ सिस्टिम्सचे मोठे संशोधन केंद्र आहे, आणि आमच्याकडची अभियांत्रिकीची मुले कॅटियावर गाडीचे, ट्रॅक्टरचे भाग काढून नोकरीच्या मुलाखतींना जातात. ज्या पंखासाठी हे साधन जन्माला आले, त्याच्यापर्यंत मात्र फार थोडे पोहोचले होते.

ती वाट नागपुरातून उघडली. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथल्या मिहान औद्योगिक क्षेत्रात दसॉ रिलायन्स एरोस्पेसच्या कारखान्याची कोनशिला बसली. २०१९ पासून तिथून फाल्कन २००० चे पुढचे भाग, जिथे वैमानिक बसतात ते, फ्रान्सला जाऊ लागले. १८ जून २०२५ रोजी पॅरिसच्या विमान प्रदर्शनात घोषणा झाली: फाल्कन २००० एलएक्सएसची संपूर्ण जुळणी नागपुरात होईल. फ्रान्सबाहेर कोणत्याही फाल्कनची अशी जुळणी प्रथमच. नागपुरात तयार झालेले पहिले विमान २०२८ पर्यंत उडवण्याचा संकल्प आहे. ६एक्स आणि ८एक्स यांच्या पुढच्या भागांचे कामही तिथेच येणार आहे.

विमानाचा सांगाडा जुळवणे म्हणजे काय, हे समजून घेतल्यावर माझा जीव तिथेच रमला. ॲल्युमिनियमचा पत्रा आतल्या कण्यांवर बसवतात, भोके पाडतात आणि रिव्हेट मारतात. एक जण बाहेरून यंत्राने ठोकतो, दुसरा आतून जड लोखंडी ठोकळा धरून राहतो. दोघांची लय जुळली नाही तर रिव्हेट तिरपी बसते. ४५ हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब जमिनीवरच्या सातव्या हिश्श्याइतकाच उरतो. आत माणसांना श्वास घेता यावा म्हणून दाब राखावा लागतो, त्यामुळे प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग किंचित फुगते आणि खाली आल्यावर पूर्ववत होते. वर्षानुवर्षे, हजारो वेळा. वाकड्या भोकाशी सुरू झालेली केसाएवढी चीर अशा फुगण्या-आकसण्याने वाढत जाते. पॅरिस गाठणारा पल्ला शेवटी नागपुरातल्या त्या दोन माणसांच्या सरळ भोकावर उभा असतो. जालन्याच्या कारखान्यांतून लालभडक सळई ओढणाऱ्या कामगारांच्या हातात ताकद आणि नजर दोन्ही आहेत. त्यांच्या मुलांना हे काम जड जाणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आष्टीत मी हे सांगू लागलो की शेजारचे दादा विचारतात, “श्रीमंतांच्या विमानाचं आपल्याला काय?” प्रश्न रास्त आहे. एका विमानाची किंमत शेकडो कोटींची, आणि आमच्याकडे पावसाने दडी मारली की सोयाबीनचे बियाणेही अंगावर येते. पण मूळ फाल्कन २० चा इतिहास त्यांना सांगावासा वाटतो. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस सुरू झाली ती १४ फाल्कन विमानांवर. पहिल्या रात्री १८६ पार्सले, २५ शहरांत. साहेबांसाठी केलेल्या केबिनमध्ये औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग जाऊ लागले. फाल्कन २००० जपानच्या तटरक्षक दलासाठी समुद्रावर पहारा देते. फ्रेंच नौदलासाठी त्याचे ‘अल्बाट्रॉस’ हे रूप घडवले आहे, बुडणाऱ्या बोटी शोधण्याचे कामही करील असे. आणि विमान कोणाचेही असो, ते घडवणाऱ्याचे कसब त्याच्या स्वतःच्या घरी येते. ते कोणी विकत घेऊन नेऊ शकत नाही.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे आणि तो जालन्यातून जातो. नागपूर आता दूर उरलेले नाही. तिथल्या शासकीय आयटीआयमध्ये विमानाच्या सांगाड्याची जोडणी शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दसॉच्या साहाय्याने सुरू झालेला आहे. म्हणून परतूर, मंठा, अंबड, घनसावंगीच्या आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे: दहावीनंतर मूल फिटर व्हायचे म्हणाले तर त्याला कमी लेखू नका, मुलगी म्हणाली तर तिला अडवू नका. नागपूरला जाऊन चौकशी करा, प्रवेशाच्या तारखा लिहून ठेवा. २०२८ फार लांब नाही, आणि त्या पहिल्या विमानाच्या रिव्हेटांवर आपल्या तालुक्यातल्या हातांचाही हक्क आहे.