हजेरीपटांतील नांवें

‘पूर्वींचें जीवन आजच्यापेक्षां अधिक सुखाचें होतें’ या विषयावर आमच्या महाविद्यालयांत नुकताच एक वादविवाद झाला आणि परीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याचें काम माझ्याकडे आलें. विषय कांहीं नवा नव्हे. म्हाताऱ्या माणसाचें वर्णन करतांना आपल्या बाळपणींच्या काळाचे गोडवे गाणें हें त्याचें एक लक्षण म्हणून रोमन कवि होरेस यानें सांगून ठेवलें, त्याला दोन हजार वर्षें होऊन गेलीं. माझीहि पन्नाशी उलटली आहे. तेव्हां या लक्षणापासून मी मुक्त असेन अशी अपेक्षा वाचकांनीं करूं नये. अनुकूल पक्षाच्या मुलानें वाड्यांचीं उघडीं दारें, सारवलेलीं अंगणें आणि ओटीवरच्या रात्रींच्या गप्पा यांचें असें चित्र उभें केलें, कीं माझी लेखणी आपोआप त्याच्याकडे झुकली. प्रतिकूल पक्षाच्या मुलीनें आंकडे दिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या देशांत जन्मलेल्या दर पांच अर्भकांपैकीं सुमारें एक वर्षाच्या आंत दगावत असे; आज हजारांमागें तीसहूनहि कमी दगावतात, असें ती म्हणाली. आंकडे खरे होते, पण आंकड्यांना टाळ्या पडत नाहींत. मीं पहिलें बक्षीस त्या मुलाला दिलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्गांत हजेरी घेतांना माझी नजर वडिलांच्या नांवांवरून फिरत होती. तीस वर्षांपूर्वीं मी या नोकरींत आलों तेव्हां त्या मधल्या नांवांत दगडू, धोंडू, भिकू, केरू, नथू अशीं नांवें हमखास भेटत. आज सबंध पटांत त्यांतलें एकहि नव्हतें. हीं नांवें गेलीं केव्हां, याचा मला पत्ताहि लागला नव्हता. आणि मग एकदम आठवण झाली, कीं असलें एक नांव त्या खोलींत अजून होतें. तें माझ्याच नांवांत होतें. माझ्या वडिलांचें नांव भिकाजी.

विद्यार्थिदशेंत या नांवानें मला फार छळलें. हजेरींत तें उच्चारलें गेलें, कीं मागच्या बांकावरून ‘भिक्षां देहि’ असा पुकारा ठरलेला असे. मीं सहींत ‘भि.’ एवढेंच लिहिण्याची युक्ति काढली. पुढें एका सुटींत वाईला घरीं गेलों असतां आजीला रागानेंच विचारलें, “आजी, आबांना हें असलें नांव कां ग ठेवलेंस? चांगलीं नांवें का मिळत नव्हतीं?”

आजी सुपांत तांदूळ निवडीत बसली होती. वर न पाहतांच ती म्हणाली, “चांगलीं ठेवून पाहिलीं होतीं, बाळ.”

आणि मग तिनें बोटांवर मोजलें. आबांच्या आधीं पांच झालीं होतीं. एक देवीनें गेलें, एक गोवरानें, एक तापानें. दोघांना सटवाईनेंच नेलें, म्हणजे तीं बाराव्या दिवसापर्यंत पोंचलींच नाहींत. सहावा मुलगा झाला तेव्हां पांच घरांतून जुनेरें मागून आणून त्याचें झबलें शिवलें. त्याला सुपांत घालून दाराबाहेर ठेवलें. शेजारणीनें त्याला उचलून नेलें आणि पसाभर जोंधळे देऊन आजीनें तो तिच्याकडून परत घेतला. “म्हणजे तो माझा नव्हेच, भिकेंत मिळालेला आहे, असें त्याला वाटावें म्हणून,” आजी म्हणाली. तें ‘त्याला’ कोणाला, हें मीं विचारलें नाहीं, आणि तिनेंहि सांगितलें नाहीं.

त्या दिवसापासून सहींतला ‘भि.’ मीं काढून टाकला आणि नांव पुरतें लिहूं लागलों. तरीहि परीक्षकाच्या खुर्चीवर बसतांना मी हें विसरलों होतों! गतकाळाविषयीं आपण ज्यांच्या तोंडून ऐकतों तीं वांचलेलीं माणसें असतात. ओटीवरच्या गप्पा त्यांनाच आठवतात. आजीच्या पांच मुलांच्या आठवणी कोणीं लिहाव्या? शिक्षित घरांतहि हेंच होतें. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा मुलगा अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखांतून त्या वैद्यकाकडे वळल्या, १८८६ सालीं अमेरिकेंत पदवीधर झाल्या आणि १८८७ सालीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, क्षयानें गेल्या. आजीच्या एका मुलाला नेणारी देवी भारतांत १९७५ सालीं शेवटची दिसली आणि १९८० सालीं ती पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. हजेरीपटांतून भिकू आणि धोंडू गेले ते फॅशन बदलली एवढ्यानेंच नव्हे. त्या नांवांमागची भीति बरीचशी सरली.

मग त्या मुलाचें भाषण खोटें होतें काय? असेंहि मला म्हणवत नाहीं. गेल्या वर्षीं माझी नात आठ आठवडे आधींच जन्माला आली. तिचें वजन दीड किलोहि नव्हतें. सव्वीस दिवस ती कांचेच्या पेटींत होती, आणि जांवई व मी बाहेरच्या खुर्च्यांवर बसून होतों. ती वांचली. आजीच्या काळीं ती बोटांवर मोजण्यापुरतीच उरली असती. परंतु त्या सव्वीस दिवसांत आमच्या इमारतींतल्या एकाहि बिऱ्हाडाला आमच्या घरीं काय चाललें आहे याची वार्ता नव्हती. दोष त्यांना देत नाहीं. आम्हींच कोणाला सांगितलें नव्हतें. आजीच्या प्रत्येक दुःखाच्या वेळीं शेजारची भाकरी घरांत आली होती, हें तिनें मला त्याच दुपारीं सांगितलें होतें.

या दोहोंतून एकच निवडा असें कोणीं म्हटलें, तर मी क्षणाचाहि विचार न करतां कांचेची पेटी निवडीन, आणि भाकरी घेऊन येणारी ती शेजारीणहि तेंच निवडील याची मला खात्री आहे. पण निवडा म्हणतो कोण? नव्या काळानें मूल वांचविण्याच्या मोबदल्यांत दार लावून घ्या असें आपल्याला सांगितलेलें नाहीं. तें दार आपण आपल्या हातानें लावलें आणि पुढें त्याचें खापर काळाच्या माथीं फोडलें. परीक्षक म्हणून माझी चूक झाली ती येथें. त्या मुलीला मीं तसें सांगितलेंहि. ती हंसली आणि म्हणाली, “सर, निकाल तर लागून गेला.”

नात घरीं आली त्या आठवड्यांत आमच्या सौभाग्यवतींनीं तिच्यासाठीं दुपटें शिवायला काढलें. मऊ जुनेराशिवाय दुपटें होत नाहीं, आणि मुलीच्या घरांत जुनें लुगडें कोठून असणार? मीं आजीची गोष्ट सांगतांच त्या उठल्या आणि इमारतींतल्या पांच बिऱ्हाडांचीं दारें वाजवून आल्या. समोरच्या बाईंशीं आमची सहा वर्षांची केवळ जिन्यांतली ओळख. त्यांनीं आपल्या आईचें एक सुती पातळ काढून दिलें, आणि मागोमाग स्वतः मुलीला पाहायला आल्या.

“नांव काय ठेवलें?” त्यांनीं विचारलें.

माझ्या मुलीनें नांव सांगितलें. तें चांगलें होतें, आणि तें मोठ्यानें सांगायला ती भ्याली नाहीं.