कट्यारीचे वय

कट्यारीचे वय गंजावरून ठरत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत कालपरवा घडवलेले पातेही एका पावसाळ्यात तांबूस होते. मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी जरीच्या फडक्यात गुंडाळलेली एखादी कट्यार निघते. तिचे गाव आणि काळ शोधायला सुरुवात करावी ती मुठीपासून.

कट्यारीची मूठ पात्याला आडवी असते. दोन उभ्या पट्ट्यांमधली दांडी आवळली की पाते सरळ हाताच्या रेषेत पुढे येते. हे हत्यार कापण्याचे नाही, भोसकण्याचे. ‘आइन-इ-अकबरी’त त्याला जमधर म्हटले आहे. विजयनगरच्या परंपरेतल्या दक्षिणी कट्यारीला बोटे झाकणारे, शिंपल्यासारखे फुगीर कवच असते. तंजावरच्या शस्त्रागारातल्या कट्यारींत हे रूप अतिशय देखणे झाले आहे, आणि त्यांतल्या कित्येकींचे पाते मात्र युरोपीय तलवारीचे आहे. एकाच वस्तूला अशी दोन माहेरे असतात. मराठ्यांची फिरंग ही तलवार याच जातकुळीची : पाते सातासमुद्रापलीकडचे, मूठ इथली. उत्तरेकडच्या कट्यारीला हे कवच नसते. मूठ दाबताच पाते कात्रीसारखे उघडून आतून दुसरे पाते डोकावते, अशी कट्यार बहुधा 19व्या शतकातली; ती रणापेक्षा कौतुकासाठी घडली.

नंतर पाते पाहावे. चिलखताच्या कड्या फोडायच्या असल्याने लढाऊ कट्यारीचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते. टोक पत्र्यासारखे पातळ असेल, तर ती भिंतीवर टांगण्यासाठीच जन्मली. उत्तम जुन्या पोलादात पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. तिला जौहर म्हणतात. आम्ल लावून तिची नक्कल करता येते, पण ती नक्षी वरवरची राहते. खरी लहर धातूच्या अंगातच असते.

सोन्याच्या कामातही असाच भेद आहे. कोफ्तगरीत पोलादावर बारीक ओरखडे काढून सोन्याची तार त्यांवर ठोकून बसवतात. तहनिशानात खोल चर कोरून सोने त्यात भरतात. कोफ्तगरीचे सोने झिजले की खालचे ओरखडे उघडे पडतात. भिंगाखाली ते ओरखडे दिसणे ही हाताच्या कामाची मोठी साक्ष. याउलट यंत्राने पाडलेले आटे, विजेच्या वेल्डिंगचा मणी, साच्याची शिवण हे नव्या काळाचे ठसे होत. म्यानावर मात्र भिस्त ठेवू नये. लाकूड आणि मखमल पात्याआधी मरतात, आणि म्यान पिढीगणिक बदलले जाते.

घराण्यातली हकीकत आणि चिठ्ठी जपावी, पण पारखून घ्यावी. 2024 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आलेल्या वाघनखांच्या पेटीवर, शिवाजी महाराजांनी या वाघनखांनी मोगल सेनापतीला मारले, असा मजकूर आहे. पण महाराजांनी मारलेला अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता. ती वाघनखे महाराजांनी वापरलेलीच, याची खातरी देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. एवढ्या मोठ्या नावाच्या वस्तूला ही कसोटी लागते, तर घरच्या कट्यारीलाही लागायला हवी. ती लावायची, तर मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय इथली शस्त्रे शेजारी ठेवल्यासारखी डोळ्यांत साठवून यावीत. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली, तर 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार घरमालकाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

या साऱ्या खुणांचा सर्वांत मोठा घात प्रेमाने होतो. खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी चिंच, लिंबू आणि सँडपेपरने पाते लखलखीत केले जाते. त्यात जौहर पुसट होतो, सोन्याचा वर्ख जातो, कारागिराचा ठसा जातो. यंदाच्या खंडेनवमीला कट्यार कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि झेंडूचे एक फूल वाहा.