पुढचा खंड कधी?

पुढचा खंड कधी, हा प्रश्न आमच्या घराण्याला तीन पिढ्यांपासून चिकटलेला आहे. आम्ही म्हणजे चार मावसभाऊ, दोघे अमरावतीचे, दोघे अकोल्याचे. नानांच्या अकोल्याच्या घरी लोखंडी पेटीत 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पहिला आणि तिसरा खंड होता. दुसरा नव्हता. सुट्टीत नाना पहिला वाचून दाखवत आणि शेवटी पुस्तक मिटून म्हणत, "आगे अल्लाह मालिक." मधली गोष्ट आम्हीच रचायचो. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला एसटी पोहोचेपर्यंत दुसऱ्या खंडाच्या दोन-तीन आवृत्त्या तयार होत!

वाट पाहणे नानांनाही नवे नव्हते. इब्ने सफी १९६० साली आजारी पडले आणि तीन वर्षे इमरानचा पत्ता नव्हता. 'डेढ मतवाले' १९६३ मध्ये आले, तेव्हा नानांनी ते दुकानाच्या पायरीवर बसूनच संपवले, असे खाला सांगतात. पण इमरान झाला तरी जासूस. अमर ऐयारची गोष्टच वेगळी.

ज्यांना होशरुबा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमीर हमजाची दास्तान शतकानुशतके तोंडी चालत आली. अकबराने तिची सुमारे १४०० चित्रे काढून घेतली. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने तिचे ४६ खंड काढले. त्यातला होशरुबाचा भाग १८८३ पासून दहा वर्षांत आला. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. म्हणजे लखनौचे वाचकही आमच्यासारखेच खोळंबले होते, मध्येच लेखकही बदलला!

आणि गोष्ट किती हसवणारी! जादूगारांचा बादशहा अफरासियाब सामरीचे पुस्तक उघडतो, त्यात सगळे कळते, तरीही अमर त्याला फसवतो. अमर कंजूष. झंबीलीत अख्खे शहर मावेल, पण तिच्यातून एक कवडी बाहेर काढताना त्याचा जीव जातो. तो म्हातारी होतो, नाचणारी होतो, हकीम होतो. बहार जादू फुलांचा गुच्छ फेकते की शत्रूची फौज वेडी होते. आणि स्वतःला खुदा म्हणवणारा तो लका! दरवेळी हरतो आणि म्हणतो, हे नशीब मीच लिहिले होते. शेजारी बसलेला बख्तियारक त्याची टर उडवतो. खोट्या खुदाची इतकी थट्टा एका मुसलमान लेखकाने लिहिली, ती एका हिंदू प्रकाशकाने छापली आणि दोन्हीकडच्या लोकांनी हसत वाचली. आज हे मुद्दाम सांगावे लागते, याचे वाईट वाटते.

दुसरा खंड आम्ही पहिल्यांदा पाहिला तो पाटण्याच्या खुदाबख्श लायब्ररीने १९८८ साली केलेल्या पुनर्मुद्रणात. आम्ही रचलेला दुसरा खंड जास्त सुटसुटीत होता, हे मात्र खरे. पुढे २००९ साली मुशर्रफ अली फारुकींनी पहिला इंग्रजी भाग काढला आणि एकूण चोवीस भाग होणार असे जाहीर केले. आम्ही पुन्हा पोरे झालो. दुकानदाराला विचारून विचारून भंडावले. ते चोवीस काही पुरे झाले नाहीत.

तोवर घरात दुसरेच घडले होते. आमची मुले मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत. उर्दू कळते, बोलतात, पण लिपी येत नाही. नानांची पेटी त्यांना कुलूप नसतानाही बंद. मराठीने अरबी गोष्टींना परके मानलेले नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून गौरी देशपांड्यांच्या सोळा खंडांपर्यंत तो रस्ता आहे. होशरुबा मात्र त्या रस्त्याने आमच्यापर्यंत आलेली नाही. मग ठरले, आपणच आणू. जाहांची फारसीने लगडलेली उर्दू न अडखळता वाचणारे आमच्यात आता एकच माणूस उरले आहे, खाला. वय ८१, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्या अकोल्यात वाचतात, तिथले दोघे वहीत उतरवतात, अमरावतीचे दोघे मराठी नीट करतात.

वाद रोजचे. ऐयारला काय म्हणायचे? आम्ही 'बहुरूपी' सुचवले. आपल्याकडे सुगीनंतर पोलिसाच्या वेशात दारात उभा राहून दमदाटी करणारा बहुरूपी कुणी पाहिला नाही? पण खाला म्हणाल्या, "बहुरूपी आखिर में हात पसारता है, अमर जेब काटता है." ऐयार तसाच राहिला. झंबीलही राहिली, 'झोळी'त शहर मावेना. तिलिस्मला 'मायानगरी' म्हटले तर मुंबईच डोळ्यांसमोर येते. अमर वऱ्हाडी बोलावा यावर मात्र चौघांचे एकमत झाले. बादशहाच्या पहारेकऱ्याला तो विचारतो, "काऊन बे, झोपून राह्यला का?" हे ऐकून पोरे लोळली. खालांनी आधी कपाळाला हात लावला, मग ते वाक्य पुन्हा वाचायला लावले.

डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. खाला म्हणतात, आधी पहिला खंड संपवू. आम्ही म्हणतो, आधी डोळा. पोरे कुणाचीच बाजू घेत नाहीत, त्यांना फक्त बहारचा गुच्छ कुणावर पडला ते हवे आहे. चौदावी वही रविवारी येणार होती. आज मंगळवार.